एनिडने मांड कोणासाठी मांडावी

मी, विल्फ्रेड जॉर्ज थर्टल, राहणार चॅपल लेनचे शेवटचे घर, मार्लबी, परगणा नॉरफोक, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा सुतारकी (आता बंद), हे मृत्युपत्र माझ्या हाताने, शुद्धीवर असताना, दिवसाउजेडी लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकू शकेल अशी एकच व्यक्ती या घरात आहे आणि ती आत्ता समोर पीठ लाटते आहे. याआधी मी कोठे काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे. छातीचे दुखणे हाताबाहेर गेले असे डॉक्टर म्हणतात, त्यामुळे आज-उद्या करण्यात अर्थ नाही.

घर आणि ठेव यांचा निकाल दोन ओळींत लागला असता. तरी मी एवढे कागद पुढे ओढून बसलो आहे ते एका कारणासाठी, आणि ते आधीच सांगून मोकळा होतो. माझ्या पश्चात माझी बायको एनिड हिने गावातला दुसरा बंदूकवाला क्लेमंट केरिसन याच्यासाठी मांड मांडू नये, अशी माझी इच्छा आहे.

हे वाचणारा वकील शहरातला असेल तर त्याच्या माहितीसाठी: वाटाणा पेरला की रानकबुतरांचे थवे येतात आणि दाणा वेचून शेत धुऊन नेतात. म्हणून शेतकरी आम्हा बंदूकवाल्यांना बोलावतो. आम्ही शेतात लाकडाची खोटी कबुतरे अशी ठेवतो की वरून जाणाऱ्या थव्याला वाटावे, भाऊबंद जेवायला बसलेत, आपणही उतरावे. कुंपणाशी जाळी आणि फांद्यांचे लपण करून त्यात बंदूक घेऊन बसायचे. त्या खोट्या पाखरांच्या रचनेला मांड म्हणायचे. बंदूक कोणीही चालवतो. मांड सगळ्यांना साधत नाही.

कलम १. राहते घर, परसातली शेड, बँकेतली ठेव आणि घरातले सर्व सामान मी एनिडला देतो. या कलमाला मी एक अट जोडली होती, की क्लेमंट केरिसनने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नये. एनिडने ती माझ्या खांद्यावरून वाचली.

“मग दर रविवारची मुरवलेल्या कांद्यांची बरणी तो खिडकीतून देईल,” ती म्हणाली. “आणि मी खिडकीतूनच चहा देईन. सबंध गल्लीला दिसेल. चालेल तुला?”

अट काढली आहे.

कलम २. माझी दुनळी बंदूक जावई लेनर्ड याला द्यावी, त्याने आधी परवाना काढावा. लेनर्डला उभ्या कोठाराच्या भिंतीवर नेम धरता येत नाही. म्हणूनच त्याला दिली. माझ्या बंदुकीने माझ्यापेक्षा जास्त पाखरे कोणी पाडलेली मला मेल्यावरही खपणार नाहीत.

कलम ३. रंधे, पटाश्या आणि करवती मुलगी मॉरीन हिला. ती लहानपणी माझ्याहून सरळ कापायची, पुढे लग्न करून इप्सविचला गेली आणि बँकेत चिकटली. तिने त्या विकू नयेत. विकायच्याच झाल्या तर मार्लबीत विकू नयेत. इथे त्या कोण विकत घेईल ते सांगायची गरज नाही.

कलम ४. खोटी कबुतरे, आणि त्यांच्याबरोबरचे दोन लाकडी डोमकावळे, माझ्या शवपेटीत माझ्याबरोबर ठेवावेत.

हे कलम लिहिल्यावर एनिडचे लाटणे थांबले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. ही पाखरे मी कोरली. पॉप्लरचे लाकूड घेतले, ते हलके असते, पोत्यात घालून चिखलातून न्यायचे असते म्हणून. रंग एनिडचा. मानेवरचा पांढरा पट्टा तिने काढलेला. कावळ्यांच्या काळ्या रंगात चुलीची काजळी घालायची युक्तीही तिचीच, कारण रंगाला चकाकी आली की खरे पाखरू बिथरते. आणि मांड तर पहिल्यापासून तिचीच. सकाळी धुणे वाळत घालताना ती दोरीवरच्या चादरीकडे बघून सांगायची, “आत्ता वारा चर्चकडून आहे, पण जेवणाच्या वेळेला फिरेल.” मग शेतात येऊन पाखरांची तोंडे अशी ठेवायची की वारा फिरला तरी मांड मोडू नये. मध्ये उतरायला मोकळी जागा, ती बरोबर माझ्या बंदुकीच्या टप्प्यात. बाजूला एकटा कावळा. कावळा मूळचा संशयी, तो निवांत बसला म्हणजे कबुतरांना वाटते की जागेत काही दगाफटका नाही. एवढे झाले की ती हात झटकायची आणि घरी परत, कारण घरची कामे पडलेली असत. गावात विल्फचा नेम असे कोणी कधी म्हटले नाही. एनिडची मांड, असेच म्हणतात.

आता केरिसनबद्दल. क्लेमचा नेम चांगला आहे. हे लिहिताना हात आखडतो, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये. मात्र मांड म्हणाल तर देवाचे नाव घ्या. तो पाखरे सरळ रांगेत उभी करतो, शाळेच्या हजेरीला पोरे उभी करावीत तशी. वाऱ्याकडे पाठ, खरे कबूतर तर वाऱ्याकडे तोंड करून बसते. खरे पाखरू पडले आणि उताणे राहिले तर तसेच राहू देतो, पांढरे पोट आभाळाला दाखवीत, आणि वर विचारतो की थवा वळून का गेला.

असा हा माणूस, आणि मार्लबीत एका दिवसात सर्वांत जास्त पाखरे पाडण्याचा मान त्याचा आहे. कारण त्या दिवशी मांड माझ्या बायकोची होती.

ते असे झाले. ज्या वर्षी मी चॅपलच्या छपरावरून पडून मांडी मोडली, त्या वर्षी शेतकरी पर्सी गॉट्स दारात आला. “विल्फ, वाटाणा संपवला रे पाखरांनी. तू तर आडवा. क्लेमला बोलावू का?” मी म्हटले बोलाव, करतो काय. तर क्लेम टोपी हातात घेऊन माझ्या खाटेशी उभा राहिला. “गड्या, एक दिवस एनिडला पाठवशील? मला मांड जमत नाही, तुला ठाऊकच आहे.” मी काही बोलायच्या आत एनिडने कोट घातला होता. माझीच पाखरे, माझेच पोते.

चॅपलमागच्या शेतात तिने मांड मांडली. आकाशातून पाखरे ओतल्यासारखी येत होती. मी खिडकीतून पाहिले सगळे. अशी मांड तिने माझ्यासाठी कधी मांडली नव्हती. त्या दिवसाचा फोटो दारावर नांगराची पाटी असलेल्या गुत्त्यात अजून भिंतीवर आहे. क्लेम, पायाशी पाखरांची रास, आणि शेजारी एनिड तोंड भरून हसते आहे. लग्नाच्या फोटोतही ती अशी हसलेली नाही, मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले आहेत. ती भिंत माझी नाही, म्हणून तो फोटो काढून टाकण्याचे कलम मला घालता येत नाही. मालकाला विचारून झाले आहे.

माझा जळफळाट होतो. शब्द बरोबर आहे, तोच लिहितो. क्लेमची बायको वारल्यापासून तो दर रविवारी काहीबाही घेऊन येतो, एनिड त्याला ॲपल-पाय वाढते आणि मी बशीतला माझा तुकडा त्याच्या तुकड्याशी मापून बघतो. मी गेलो की पेरणीच्या हंगामात तो पुन्हा टोपी हातात घेऊन दारात उभा राहणार, आणि ती कोट घालणार. म्हणून कलम ४.

इथवर लिहिले तेव्हा एनिड पीठ भरल्या हातांनी येऊन समोर बसली. तिचे बोलणे मी इथे जसेच्या तसे उतरवतो, कारण त्यामुळे पुढची कलमे बदलली आहेत.

“पाखरं पुरशील,” ती म्हणाली. “हे हात काय करणार? तेही पेटीत घालणार का?”

मी म्हटले, तसे कलम घालता येत नाही.

“नाही ना? क्लेमकडे प्लॅस्टिकची दोन डझन पाखरं पडलेली आहेत. मला मांडायचीच असेल तर मी बटाटेसुद्धा मांडीन, विल्फ. आणि उतरतील कबुतरं.”

ते खरे होते.

“आणखी एक सांग,” ती म्हणाली. “गॉट्सने त्या दिवशी आम्हांला नदीकाठचं शेत देऊ केलं होतं. पाखरं तिथे जास्त होती. मी चॅपलमागचं का मागून घेतलं?”

“मला काय माहीत.”

“क्लेमच्या तोंडावर ऊन येत होतं तिथे. मी मांडत होते तोवर कुरकुरत होता. तरी मी म्हटलं, इथेच. का?”

“सांग ना मग.”

“कारण नदीकाठ तुझ्या खिडकीतून दिसत नाही, म्हाताऱ्या. चार आठवडे भिंतीकडे तोंड करून पडला होतास. मला वाटलं, निदान मांड तरी दिसू दे याला.” तिने टेबलावरचे पीठ हाताने गोळा केले. “आणि तू काय केलंस? खिडकी उघडून कुबडी हलवत ओरडायला लागलास, की कावळा फार डावीकडे गेलाय, उजवीकडे घे. नाइटशर्टमध्ये. चॅपलला आलेले सगळे बघत होते. संध्याकाळी गॉट्सने मला घरून फोटोसाठी परत बोलावलं, तेव्हाही तू तेच करत होतास. त्या फोटोत मी बघतेय कुठे, ते कधी पाहिलंस का? सगळी वर्षं माझं हसू मोजत बसलास, नजर कधी पाहिली नाहीस.”

मी विचारले, मग हे इतकी वर्षे सांगितले का नाही.

“तू कधी विचारलंस? फुगून बसायचास. आणि खरं सांगू, फुगलेला असलास की दुसऱ्या दिवशी बागेतलं काम न सांगता करायचास.”

हे ऐकून बरे वाटले, हे मी नमूद करतो. मत्सर गेला असे मात्र कोणी समजू नये. तो फार जुना आहे आणि एका दुपारी जाणारा नाही. तरी कागदोपत्री पुढील बदल करीत आहे.

कलम ४ रद्द. सर्व खोटी पाखरे, दोन्ही कावळे, पोते आणि जाळी एनिडला. तिने ती वाटेल त्याच्यासाठी मांडावीत. क्लेमसाठीही. हे वाक्य लिहायला मला चहाचा एक कप लागला.

कलम ५. क्लेमंट केरिसन याला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही, आणि त्याची व्यवस्था मी केली आहे. वकिलाचा कारकून सांगतो की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्यातले काही घेता येत नाही. म्हणून पहिला साक्षीदार म्हणून मी क्लेमला बोलावले आहे. तो बाहेर बूट पुसतो आहे. मजकूर वाचण्याचा साक्षीदाराला हक्क नसतो, तेही मी विचारून घेतले.

“एवढा सन्मान कशाला माझा?” तो आत येत म्हणाला.

“जुनी ओळख,” मी म्हटले.

“गड्या, तू चांगला माणूस आहेस,” तो म्हणाला, आणि डोळे पुसले. आता अशा माणसाचे काय करावे ते सांगा. एनिड चुलीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की कसे, ते मला दिसले नाही.

कलम ६, आणि शेवटचे. दरवर्षी वाटाण्याची पेरणी झाली की पहिल्या कोरड्या सकाळी एनिडने चॅपलमागच्या शेतात एक मांड माझ्या नावाने मांडावी. त्या दिवशी शेतात लपण नसावे आणि कोणाचीही बंदूक नसावी. कबुतरे उतरू द्यावीत, खाऊ द्यावीत. गॉट्सचा जो वाटाणा जाईल त्याची भरपाई ठेवीतून करावी, आणि त्याने कुरकुर करू नये.

“आणि मी काय करायचं तिथे?” एनिडने विचारले.

बसायचे. पन्नास वर्षे ती मांड मांडून घरी भांड्यांकडे परत गेली. थवा चर्चवरून वळतो, पंख आवळतो, आणि तिने सोडलेल्या त्या मोकळ्या जागेत एकेक करून उतरू लागतो, हे तिने एकदाही पाहिलेले नाही. ते रोज मी पाहिले, आणि त्यात डोळे बंदुकीवर होते. ते तिने आता बसून, घाई न करता, पाहावे. सोबत घोंगडी न्यावी, जमीन ओली असते. क्लेमने त्या सकाळी घरी राहावे. तिच्या शेजारची जागा मी कोणालाही दिलेली नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. तो माझा आहे आणि त्यात मी काही खाडाखोड ठेवलेली नाही, एनिडच्या पिठाचा डाग सोडून.

सही: विल्फ्रेड जॉर्ज थर्टल

आम्हा दोघांच्या समक्ष, एकाच वेळी, सही झाली:

१. क्लेमंट केरिसन, मिल कॉटेज, मार्लबी (मजकूर न वाचता)
२. डोरिस मिकलबरा, शेजारीण, चॅपल लेन, मार्लबी

ठिकाण: मार्लबी, स्वयंपाकघर
दिनांक: ९ मार्च १९८१