अजून चार चकत्या

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय रंगीत मातीकाम व त्याचे शिक्षण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हात थरथरतात, पण ते सकाळी दहापर्यंतच, म्हणून अकराला लिहायला बसले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तशी हिंमत असलेली माणसे माझ्या आधीच गेली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुठे सापडलेच तर ते माझे नव्हे असे समजावे.

कलमे थोडक्यात लिहा, असे वकीलबाईंनी बजावले आहे. जमेल तिथे लिहीन. अंमलबजावणीही त्यांनीच करावी.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या, स्वयंपाकघर व गॅलरी माझ्या थोरल्या भावाच्या मुलाला द्यावी. त्याने घर कधी मागितले नाही. ‘आत्या, काळजी करू नकोस, आम्ही आहोत ना,’ एवढेच तो दर भेटीला भिंतींकडे बघत म्हणतो. पुढच्या खोलीची उत्तरेकडची खिडकी त्याने बुजवू नये. रंग बघायला तेवढाच खरा उजेड या घरात आहे. स्वयंपाकघरातला नळ उलट्या बाजूला फिरतो. दुरुस्त करायला जाऊ नये, मी दोनदा गेले आहे.

कलम २. बँकेत जे असेल ते पुतण्याच्या मुलीच्या शिक्षणासाठी. शिक्षणासाठी म्हणजे शिक्षणासाठी. लग्न हे शिक्षण नव्हे.

कलम ३. माझा सूक्ष्मदर्शक कोपऱ्यावरच्या शाळेला द्यावा, पण मुलांनी हात लावायचा या अटीवर. कपाटात कुलूपबंद करून पाहुण्यांना दाखवायचा असेल तर देऊ नये.

पदवी घेतल्यावर मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षे देठांचे छेद कापले. माझ्या छेदातून वर्तमानपत्र वाचता येत असे. काचेखाली दिसे ते मी रंगीत पेन्सिलींनी काढून ठेवी. त्या आकृत्या विभागप्रमुखांनी स्वतःच्या पुस्तकात छापल्या आणि प्रस्तावनेत पत्नीचे आभार मानले. मी नोकरी सोडली. ते वारले तेव्हा मी भेटायला गेले नाही. त्यांना मी माफ केलेले नाही आणि या कागदानेही करत नाही. हे इथे लिहायचे कारण कलम ५ मध्ये कळेल: एकदा चोरी झालेल्या माणसाला पुढे सगळीकडे चोर दिसतात.

कलम ४. वहिनींना, म्हणजे पुतण्याच्या आईला, टाकाऊ मातीचा गोळा द्यावा. तो ओव्हनशेजारी जुन्या पातेल्यात आहे, वजन सुमारे दोन किलो. सगळे रंग एकत्र मळले की शेवटी तपकिरीच होतात. ‘एवढं शिकलीस आणि शेवटी चिखलच कालवतेस!’ असे त्या मला चार पाहुण्यांसमोर म्हणाल्या होत्या, तेव्हा चिखलावर हक्क त्यांचाच. भाजून घेतला तर दाराला अडसर म्हणून उत्तम. सोबत निळ्या चकत्यांची कर्णफुले द्यावीत. ती त्यांनी ‘मैत्रिणीच्या मुलीला शोभतील’ असे म्हणत तीनदा हातात घेऊन परत ठेवली आहेत. अशी कोणी मैत्रीण त्यांना नाही.

कलम ५. कामाचे कपाट त्यातल्या सर्व वस्तूंसह, म्हणजे माती लाटायचे हँडलचे यंत्र, पाती, काचेचे लाटणे, भाजायचा ओव्हन, गुळगुळीत फरशीचा मोठा तुकडा व तयार एकशे चार कांड्या, डावरीला द्यावे. वर्गाचे नावही तिलाच द्यावे.

डावरी म्हणजे कोण, आणि का, हे लिहिते. वकीलबाई म्हणाल्या, ‘मृत्युपत्रात कारण द्यायची गरज नसते, बाई.’ पुढे ज्या दिवसाबद्दल लिहिते आहे त्या दिवशी त्या स्वतः वर्गात होत्या, तेव्हा हे कायदा बोलला की संकोच, मला ठरवता आले नाही.

आमच्या कामात कांडी कशाला म्हणतात ते आधी सांगते, कारण हे वाचणाऱ्यांत पुतण्याही असेल आणि त्याला इतक्या वर्षांत विचारावेसे वाटलेले नाही. पॉलिमर मातीच्या रंगीत दोऱ्या, पट्ट्या आणि पाचरी एकमेकींना लावत जाड लोड रचायचा. चित्र त्याच्या पोटात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग चारी बाजूंनी दाबत, ओढत त्याला बारीक करायचे. लोड लांब होतो, चित्र लहान होते, पण बिघडत नाही. पात्याने त्याच्या चकत्या काढल्या की प्रत्येक चकतीवर तेच चित्र. टोके मात्र दाबताना चेपतात, तिथे सगळे रंग एकमेकांत जातात. म्हणून प्रत्येक वर्गाला पहिल्या दिवशी मी एकच वाक्य लिहून देते: टोक बघून कांडीबद्दल बोलायचे नाही, चित्र लागेपर्यंत कापायचे.

बावीस वर्षांपूर्वी मी सूर्यफुलाच्या देठाचा छेद केला. प्रयोगशाळेत अकरा वर्षे पाहिलेला, रंग माझे. एकोणीस दिवस लागले, दोऱ्या तीनशे बारा. लोड एवढा जाड झाला की एकटीच्या हातांना आवरेना. वर्गात एकोणीस वर्षांची एक मुलगी होती, डावखुरी. सगळ्या तिला डावरी म्हणत, कारण सुरुवात मी केली होती. माझ्या शेजारी उभी राहिली तरी आमची कोपरे एकमेकींना लागत नसत, माझा जोर उजव्या हाताचा, तिचा डाव्या. आम्ही दोघींनी मिळून तो लोड दोन दिवस दाबला. त्याच आठवड्यात तिने सरावाची एक कांडी केली, तेवढीच जाड. दोन्हींवर काळ्या मातीचा थर दिला, चिठ्ठ्या लावल्या आणि फळीवर ठेवल्या.

पंधरा दिवसांनी, प्रदर्शनाच्या आधी, वर्गासमोर मी माझ्या नावाची कांडी कापली. आत गोगलगायीसारखी गुंडाळी निघाली, डावीकडे वळलेली. ती डावरीची. मग तिच्या नावाची कांडी घेतली, टोकाच्या दोन चकत्या काढल्या. नुसती गढूळ हिरवट माती.

“माझी कांडी कुठे आहे?” मी विचारले.

“हीच असेल, बाई. चिठ्ठ्या बदलल्या असतील.”

“हा टाकाऊ मातीचा लोड आहे. मला डोळे आहेत.”

“अजून चार चकत्या घ्या ना, बाई. चारच. नाहीतर मी घेते.”

“पात्याला हात लावायचा नाही! माझी कांडी घरी नेलीस आणि हे गचाळ इथे भरून ठेवलंस. मला शिकवतेस?”

वर्गात आठ जणी होत्या. एकीने नखातली माती काढायला घेतली. बाकीच्यांनी तेही केले नाही. डावरीने ॲप्रन काढला, घडी घालून फरशीवर ठेवला आणि गेली. घडी व्यवस्थित होती.

मी प्रदर्शनवाल्यांना सांगितले की ही मुलगी विश्वासाची नाही. दुसऱ्या दोन वर्गांनी विचारले, त्यांनाही तेच सांगितले. माझ्या शब्दाला तेव्हा वजन होते. तिने माती सोडली.

तो ‘टाकाऊ लोड’ मी पत्र्याच्या डब्यात टाकून ठेवला. गेल्या महिन्यात या कागदासाठी वस्तूंची यादी करताना तो हाती लागला, दगडासारखा. वहिनींच्या गोळ्यात मिसळावा म्हणून गरम पाण्याच्या पिशवीखाली मऊ केला आणि पातेल्यात मावेना म्हणून मधोमध कापला.

सूर्यफुलाचा देठ. तीनशे बारा दोऱ्या, एकही तुटलेली नाही.

मग मी मूळ टोकाकडून, जिथे हात थांबवला होता तिथून पुढे कापले. पहिल्या दोन चकत्या गढूळ, तिसरीत कडा दिसू लागल्या. चौथीत चित्र लागले. लोड जितका जाड, तितके टोक जास्त वाया जाते हे मी शिकवत होते, आणि हा लोड तर चार हातांनी दाबलेला. त्या मुलीने नीट हिशेब करून चार सांगितल्या होत्या. डब्यातली चिठ्ठी पाहिली, तिच्यावर नाव डावरीचे, अक्षर माझे. दुसरीही मीच लिहिली असणार. त्या आठवड्यात माझा चष्मा दुरुस्तीला होता. हे सबब म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहिते.

तेव्हा माझ्यामागे त्या आठ जणींपैकी ज्या असतील त्यांना बोलावून वकीलबाईंनी पुढचे वाक्य मोठ्याने वाचावे: डावरीने काहीही नेले नव्हते. कांडी माझ्याच घरात होती, आणि मी ती चित्र लागेपर्यंत कापली नाही.

कलम ६. माझी कवळी माझ्याबरोबर जाऊ द्यावी.

ती दोन वर्षांपूर्वी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी बसवली. इतकी चपखल बसली की मी बनवणाऱ्याला शाबासकी कळवा म्हणाले. डॉक्टर म्हणाले, “तुमचीच विद्यार्थिनी आहे. माझं सगळं काम तीच करते, डाव्या हाताने. पुढचा एक दात थोडा आडवा ठेवलाय, तो चुकून नाही. म्हणाली, बाईंचा तसाच होता, रागावल्या की आधी तोच दिसायचा.” तेव्हा मी तिला चोर समजत होते, आणि जेवत होते तिच्या दातांनी.

कलम ७. शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर चहा तरी चांगला असावा.

येथपर्यंत सोमवारी लिहिले. संध्याकाळी दातांचे डॉक्टर साक्षीदार म्हणून सही करायला वर आले. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. त्यांनी वाचला.

“हे तुम्ही मेल्यावर वाचायचं?”

“मृत्युपत्र म्हणतात त्याला.”

“ती दर गुरुवारी माझ्याकडे येते, कवळ्या घेऊन. जिवंत आहे. तुम्हीही अजून आहात.”

“मला जिने उतरवत नाहीत.”

“निमित्तं माझ्याकडे रोज पेशंट सांगतात, बाई. मी तिला वर पाठवतो,” असे म्हणून ते सही न करता गेले. पेनही घेऊन गेले.

आज गुरुवार. ती साडेअकराला आली. आता एकेचाळीस वर्षांची आहे, कानांवरचे केस पांढरे झालेत. मी कांडीचे दोन्ही तुकडे फरशीवर ठेवले आणि जे झाले ते उभ्यानेच सांगितले. तिने पाते मागितले, डाव्या हातात धरले, एक चकती काढली आणि खिडकीपाशी नेली.

“ही एक दोरी मी चुकून पिवळी लावली होती,” ती म्हणाली. “त्या दिवशी सांगणार होते.”

“दिसली मला.”

मग मी तिला कलम ५ वाचून दाखवले. ती म्हणाली, “मला मेलेल्या माणसाचं कपाट नको, बाई.”

“मग आत्ता ने.”

“आणि ते वाक्य?”

“ते राहील.”

“खाली सह्या कोणाच्या?”

“डॉक्टरांची, आणि वाचनालयातल्या बाईंची.”

“वाचनालयातल्या बाईंना काय माहीत? माझी घ्या. त्या दिवशी आठ जणी होत्या, साक्षीला एक उठली नाही.”

मी वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मी हे सांगताच डावरी म्हणाली, “मग मला काही देऊ नका. सही द्या.”

यावर मी पुढील व्यवस्था केली आहे. कलम ५ मधल्या सर्व वस्तू व वर्गाचे नाव मी आज, हयातीत, तिला देऊन टाकले. कपाटाच्या किल्ल्या तिच्या पर्समध्ये आहेत. कलम ५ मधले देणे त्यामुळे रद्द, कारण आणि ते वाक्य मात्र कायम. या कागदाने तिला आता काडीचेही मिळत नाही. वकीलबाई फोनवर म्हणाल्या, “चालेल, बाई. त्या दिवशी मीही बोलायला हवं होतं.” मी “हो” म्हणाले आणि फोन ठेवला.

तिने मला माफ केले असे ती म्हणाली नाही. मी विचारले नाही. पुढच्या गुरुवारपासून पुढच्या खोलीत वर्ग ती घेईल. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसावे आणि तोंड उघडू नये, अशी तिची अट आहे. मी ती मान्य केली आहे. पाळली जाईल याची हमी या मृत्युपत्रात देत नाही.

वरील मजकूर मी वाचला, मला समजला आणि तो माझाच आहे. खाली नावे दिलेल्या दोघांसमोर मी सही करत आहे व ते माझ्यासमोर.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: १४ मार्च २०२४, गुरुवार, दुपारी पाऊण वाजता.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिला: खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर. बाई शुद्धीवर आहेत, नेहमीपेक्षा जास्तच. पेन परत केले. (सही)

साक्षीदार दुसरी: कवळ्या बनवणारी. मजकूर शेवटपर्यंत वाचला. कलम ५ खरे आहे, मी तिथे होते. (सही, डाव्या हाताने)