सालावरचं कुंकू

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

आज मोशीला, सासुरवाडीत, इतिहास घडला. कुणाच्या लक्षात आलं नाही. मीही चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

योगिनी तिच्या भावाला, जयदीपला, ओवाळत होती. मी सहज देवघरात डोकावलो. लक्ष्मीपूजनाच्या ताटलीत चांदीचा रुपया. सहाव्या जॉर्जचा. मागच्या बाजूला साल: १९३, आणि शेवटच्या आकड्यावर कुंकवाचा गोळा.

खाली आठ असेल तर साधं नाणं. नऊ असेल तर ज्याच्यासाठी संग्राहक झुरतात ते. माझ्या मते नऊच. कुंकवाचा आकारसुद्धा नवासारखा होता.

बोट लावणार तेवढ्यात सासूबाई मागे उभ्या. "काय पायजे जावयबापू?" म्हणालो, दर्शन. लग्नाला बारा वर्षं झाली, आज पहिल्यांदा त्या देवघरात पाय ठेवलात, असं योगिनीने येताना गाडीवर ऐकवलं. वारा होता. ऐकू न आल्यासारखं केलं.

२४ ऑक्टोबर

चाकण. सकाळपासून ट्रक अडकलेले, पण डिस्पॅचमध्ये माझं लक्ष नव्हतं. चहाला सोबत काम करणाऱ्या नागसेनला विश्वासात घेतलं. तो म्हणाला, "सासूला सरळ विचार ना राव. एक नाणं तर आहे."

हसू आलं. संग्राहकाचा पहिला नियम म्हणजे उत्सुकता दाखवायची नाही. हाच नागसेन मागे म्हणाला होता की माझ्या संग्रहातल्या काही नाण्यांना चुंबक चिकटतं म्हणजे ती चांदी नाही. जुन्या काळी चांदीत काय काय घालत हे त्याला कुठून माहीत असणार?

संकल्प: नाण्याचं नावसुद्धा काढायचं नाही. सासूबाईंनी ते आपणहून हातात ठेवलं पाहिजे. महिनाभर पुरे. मला माणसं ओळखता येतात.

२ नोव्हेंबर, रविवार

पेढे घेऊन मोशीला गेलो. मला एकट्याला दारात बघून सासरे सोपानराव ओट्यावरून उठून उभे राहिले. सासूबाई म्हणाल्या, "सगळं बरं हाय न्हवं? कंपनी चालू हाय न्हवं?" दोघांना पटायला एक चहा जावा लागला.

मग मास्टरस्ट्रोक. म्हणालो, आई, दिवाळीची तेल-काजळी बसलीये, देवघर मी साफ करतो. चिंच लावून समई, निरांजन, घंटा, तांब्या, ताम्हन, सगळं लख्ख केलं. शेजारच्या चिमाबाई बघायला आल्या आणि स्वतःच्या दोन घागरी घेऊन आल्या. त्याही केल्या.

नाणं देवघरात नाही. दिवाळी झाली की पत्र्याच्या पेटीत जातं. किल्ली सासूबाईंच्या कमरेला. माहिती मिळाली, हेही काही कमी नाही.

७ डिसेंबर, रविवार

सासूबाईंचा गुडघा धरलाय. भोसरीच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो. त्यांनी व्यायाम दिला: खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, धरून ठेवायचा, सोडायचा. रोज.

घरात ऐकतंय कोण. जयदीप सांगायला गेला तर "तू गप". मी सांगितलं तर निमूट करतात. प्रभाव वाढत चाललाय. मात्र फक्त रविवारी, मी समोर बसलो तरच. बाकीचे दिवस फोनवर विचारावं लागतं. ही गुंतवणूक आहे.

१८ जानेवारी, रविवार

आज पुण्यात नाण्यांचं प्रदर्शन. वर्षभर वाट पाहिली होती. सकाळी बूट घातले आणि मोशीहून फोन आला: "कवा येताय? पाय सरळ करायचा राह्यलाय."

'नाणेसंग्राहक (फक्त सिरीयस)' ग्रुपवर दिवसभर प्रदर्शनाचे फोटो येत होते. मी मोशीत एका हातात फोन धरून मोठ्याने आकडे मोजत होतो. मधे चुकलो तर सासूबाई परत पहिल्यापासून करायला लागल्या. ग्रुपवर टाकलं, "सध्या एका मोठ्या व्यवहारात आहे." तीन अंगठे आले.

योगिनी हल्ली स्वयंपाक करताना गुणगुणते. काल म्हणाली, "आई विचारत होती, आमचे जावई आधीपासून असेच होते का गं?" तिने काय उत्तर दिलं ते विचारलं नाही. तिला वाटतं मी बदललो. स्ट्रॅटेजी अशीच असावी. घरच्यांनाही कळता कामा नये.

१५ मार्च, रविवार

आज नाणं मोडीत जाता जाता वाचलं.

व्यायाम करता करता सासूबाई सांगत होत्या, त्यांच्या सासूच्या गळ्यात अशा रुपयांची माळ होती. ती मोडून पाटल्या केल्या. "आता योकच राह्यलाय. त्यो तरी पेटीत ठिऊन काय करायचा?"

नियम, संयम, सगळं विसरलो. म्हणालो, "एखादं तरी जपायला पाहिजे, आई. माणसाची आठवण राहते."

त्यांचा पाय हवेतच थांबला. माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "व्हय. आठवण पायजे."

येताना मोशीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो. वाईट वाटलं नाही. बी पेरलं गेलंय.

१७ मे, रविवार

अधिक महिना लागला. धोंड्याचा महिना! जावयाला जेवायला बोलावून चांदीचं काहीतरी द्यायचंच असतं. हे मी आधीपासून धरून चाललो होतो. (योगिनीने आज सांगितलं.)

तिनेच पुढचं सांगितलं: "आईनं तुमच्यासाठी पेटीतून काहीतरी काढलंय. काय ते सांगत नाही."

महिना म्हटलं होतं, सात होत आले. मोठ्या शिकारीला वेळ लागतोच.

मखमलीची डबी, भिंग आणि पांढरे हातमोजे मागवले. हातमोजे नसतील तर घामाने चांदी खराब होते. आरशासमोर आश्चर्याचा चेहरा करून बघितला. योगिनी आत येऊन म्हणाली, दाढ दुखतेय का? ग्रुपवर टाकलं: "तीन आठवड्यांत मोठी बातमी."

७ जून, रविवार

धोंड्याचं जेवण. पुरणाचे धोंडे, अनारसे, आमटी. एका हाताने जेवत, दुसऱ्याने खिशातले हातमोजे चाचपत होतो.

जेवण झालं. सासूबाईंनी पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि सोनाराची गुलाबी डबी हातात दिली. सोनाराची का, हा विचार मनात आला, पण तोवर झाकण उघडलं होतं.

रुपयाच होता. पॉलिश करून चकचकीत. वर कडी जोडलेली, कडीत साखळी ओवलेली. उलटा केला. मागची बाजू घासून आरशासारखी सपाट केली होती. त्यावर कोरलं होतं: चि. धनेशराव.

सासूबाई म्हणाल्या, "आठवण पायजे म्हणाला व्हता न्हवं."

विचारलं, मागे साल कुठलं होतं? जयदीप म्हणाला, "सालाचं काय माहीत नाय दाजी. नाव मोठं बसंना, म्हणून सोनार म्हणला सगळंच घासू. आईनं दोन हेलपाटे घातले. पाय आता चालतोय म्हणली, मला सोबत येऊ दिलं नाय."

मी आकडे मोजून चालता केलेल्या पायाने त्या तिथे गेल्या होत्या.

डोळ्यांत पाणी आलं. ते बघून सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. योगिनी रडायला लागली. सोपानराव आजवर माझ्याशी हवापाण्यापलीकडे कधी बोलले नाहीत. ते उठून आले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. जयदीपने फोटो काढला. फोटोत माझं आश्चर्य अगदी खरं आलंय.

साखळी सासूबाईंनी स्वतः गळ्यात घातली.

८ जून

नागसेनला काहीही सांगितलेलं नाही. त्याने शर्टाच्या गळ्यातून बघितलं. वाचलं. "भारी आहे राव," म्हणाला आणि जरा वेळाने, "मला माझ्या सासूने आजवर नावाने हाक नाही मारली." मी विषय ट्रककडे वळवला.

रीतसर विचार करता ते नाणं १९३८ चंच असणार. तसं असेल तर नुकसान शून्य.

१४ जून, रविवार

ग्रुपवर सगळे मोठी बातमी विचारत होते. साखळी फोटोत येणार नाही अशा बेताने राजाच्या बाजूचा फोटो टाकला. ॲडमिननी लिहिलं, सुंदर, मागची बाजू दाखवा. टाळाटाळ केली. पुन्हा विचारलं. शेवटी टाकला.

लगेच ॲडमिन: "हा नाण्यांचा ग्रुप आहे. दागिने चालत नाहीत." त्याखाली मला ग्रुपमधून काढल्याची सूचना.

तसाही तो ग्रुप फारसा सिरीयस नव्हता.

संध्याकाळी मोशीहून फोन. व्यायाम झाला, म्हणाल्या, आज एकटीनंच केला, तुम्हाला उगा हेलपाटा नको. मग विचारलं, "गळ्यात हाय न्हवं?"

"हाय," म्हणालो.

होतीच.