टाळूचा वास

३ तारीख, सोमवार
पोचले एकदाची! जीपनं इतके हिसके दिले की हाडं जागच्या जागी आहेत का ते चाचपून पाहिलं. पण खोली पाहताच शीण पळाला. खिडकीशी लांबलचक टेबल, पलंग कुरकुरतो पण स्वच्छ, आणि बाहेर पाऊल टाकलं की जंगल. काम तर आवडीचं: या डोंगरावरच्या रानटी आमऱ्या, म्हणजे ऑर्किड, शोधायच्या, ओळखायच्या, नोंदवायच्या. खालच्या घरात रखवालदारकाका आणि काकू राहतात. काकूंनी चहा हातात देत मुलंबाळं किती म्हणून विचारलं. नाहीत, म्हटलं. आज तरी ते खरंच आहे. नवरोबाला फोन केला, तर म्हणाला, तुझा आवाज असा हसरा ऐकून जमाना झाला.

४ तारीख, मंगळवार
दुपारपर्यंत दोन आमऱ्या ओळखल्या. नुसत्या पानांवर जायचं नाही, पानं फसवतात. फूल जवळून बघायचं: पुढे आलेली ओठासारखी पाकळी, तिच्यामागची मधाची नळी, आणि वर टोपीखाली दडलेले परागाचे दोन पिवळे गोळे. भुंगा आत डोकावला की गोळे त्याच्या कपाळाला चिकटतात, आणि तेच कपाळ तो पुढच्या फुलात घालतो. लग्न फुलांचं, हमाली भुंग्याची. काही आमऱ्या तर पक्क्या ठग. मधाचा थेंब नाही. नुसता भुंग्याच्या मादीसारखा वास सोडून त्याला बोलावतात. जेवताना हे रंगवून सांगितलं. काकू हसल्या, काका नाही हसले. ओढ्यापलीकडच्या उतारावर जाऊ नका, दगड सुटे आहेत, एवढंच म्हणाले. जेवतानाही त्यांची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली असते.

६ तारीख, गुरुवार
गेलेच. दगड चांगले घट्ट आहेत.
पाचोळ्यातून थेट वर आलेले फिकट, मांसल दांडे. पान एकही नाही. फूल तळहाताएवढं, ओठ मखमली. माझ्या कुठल्याच पुस्तकात ही आमरी नाही. आनंदानं ओरडणारच होते, वास घ्यायला वाकले, आणि—
टाळूचा वास. दूध, तेल, किंचित आंबूस घाम. आमच्या बाळाचा. त्याला जाऊन वर्ष होत आलं. तिथेच बसून रडले, पोटभर.
परतल्यावर आरशात पाहिलं, तर कपाळावर दोन पिवळे गोळे! हसू आलं. साबणानं घासले. निघाले नाहीत.

८ तारीख, शनिवार
फोटो नीट आले नव्हते, असं काकांना सांगून पुन्हा गेले. फोटो उत्तम आले होते. दुसऱ्या फुलावर कपाळ टेकलं, मग तिसऱ्या, मग पुढच्या. गोळे गेले, नवे आले. खोलीत पाय ठरत नाही. टेबलापासून खिडकीशी, खिडकीपासून दाराशी. नवरोबाचा फोन आला तेव्हा कामात आहे म्हणून ठेवून दिला.

१० तारीख, सोमवार
काकांनी टोपी काढून दाखवली. कपाळावर दोन खोल व्रण. त्यांना तिथे भावाच्या तंबाखूचा वास यायचा. भाऊ दरीत पडून गेला होता. बहर संपेपर्यंत रोज जायचे. मग एके दिवशी नाक लावलं तर नुसता कुजका पाचोळा. तेव्हापासून त्यांना कसलाच वास येत नाही. ताई, अजूनही जीव तुटतो हो, म्हणाले, तुम्ही घरी जा. काकूंनी माझा हात घट्ट धरून ठेवला. त्यांनी परस्पर माझ्या नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलंय. मी त्यांच्यावर ओरडले. असं मी कधी कुणावर ओरडत नाही.

११ तारीख, मंगळवार
कपाळ टेकलेली सगळी फुलं वाळली, आणि त्यांच्यामागे शेंगा धरल्या. याला महिने लागायला हवेत. एकीवर हात ठेवला. कोमट. आणि आत धडधड. टाळू धडधडते तशी, मऊ, लयीत.
हात काढावासा वाटला नाही.

१२ तारीख, बुधवार
जेवण जात नाही. बाहेरून कडी लावून घ्या, मी कितीही विनवलं तरी उघडू नका, असं मीच काकूंना सांगितलं. त्यांनी लावली.
खिडकी आहे हे माझ्या लक्षात होतं. त्यांच्या नव्हतं.

१३ तारीख, गुरुवार
उतारावर. उजाडलंय. शेंगा उकलतायत. पावडरीसारखी धूळ, हवेत, केसांत, ओठांवर. हे बी. आमरीच्या बियांत अन्न नसतं. त्या दुसऱ्याच्या जिवावर उगवतात—

शेजारी एक पक्षी पडलाय. पिसांतून फिकट दांडा वर आलाय. त्याचा पंख अजून हलतोय.

दंडावरची धूळ पुसली जात नाही. नखांखाली पांढरे धागे. पाय उचलत नाहीत. बोटं तेवढी चालतात, म्हणून—

खालून हाक. नवरोबा! काकू सोबत आहेत, त्या त्याला मागे ओढतायत वाटतं. वारा इथून त्यांच्याकडेच—

थांबला. वास घेतोय.

आता तो मला हाक मारत नाहीये. बाळाला मारतोय. हसत. पळत चढतोय.

ओरडायला हवं, येऊ नकोस म्हणून. पण तोंड उघडलं तर ही धूळ आत—
नाही, ओरडतेच. उघडते. एकदा तरी त्याला—