विहीणबाईंचा व्हिसा

मिल्टन, कॅनडा, गुरुवार, १२ मार्च २००९

विहीणबाईंचा अमेरिकेचा व्हिसा नाकारला. मॉस्कोत रांग लावून बिचारी पाच मिनिटांत बाहेर.

“लेकीचं बाळंतपण करायला या, लागेल तितके दिवस राहा.” निमंत्रणाच्या पत्रातलं हे वाक्य माझं. न्यू जर्सीहून अमेय म्हणाला होता, “आई, अशा पत्रांवर तुझा हात बसलाय, तूच ड्राफ्ट कर.” केलं. आपल्यात लेकीच्या आईला असंच बोलावतात, नाही का? पण शेजारच्या सुमनची आई धाकट्या लेकीकडे अमेरिकेला निघाली होती, तिला अशाच वाक्यावर अडवलं होतं. व्हिसावाल्यांना वाटतं, ही बाई परत जायची नाही. मला हे ठाऊक नव्हतं? होतं. म्हणून तर लिहिलं. इतकं मायेचं वाक्य, बोट कोण ठेवणार?

संध्याकाळी कात्याचा फोन. सून रशियन, पण हुंदके आपल्यासारखेच. “माझी आई नाही येऊ शकत. आई, तुम्ही याल?”

माझ्या कॅनडाच्या पासपोर्टला अमेरिकेचा व्हिसा लागत नाही. म्हटलं, “येते गं. लागेल तितके दिवस राहीन.”

डिंकाचे लाडू मी रविवारीच वळून ठेवलेत.