एक रेघ जास्तीची

अप्पा, रविवारी सकाळी मी बोक्याला सुई दिली तेव्हा माझा हात थरथरला नाही. तुम्ही असता तर आधी तेच तुम्हाला दाखवलं असतं. माप चुकलं, ते पुढं सांगतो.

हा बोका तुमच्या नातीनं कॉलेजात असताना कुठूनतरी छातीशी धरून आणलेला. ती नोकरीसाठी पुण्याला गेली आणि हा आमच्याकडे नांदेडला राहिला. अंगानं दणकट, पिवळट, स्वभावानं तुसडा. यंदा उन्हाळ्यात तो पाण्याच्या भांड्यापासून हलेना. खायचा भरपूर आणि तरी वाळत चालला. तुमचंही असंच सुरू झालं होतं. दुकानात गादीशेजारी तुम्ही घागर भरून ठेवायला लागला होता आणि तुमच्या कोपरीत तुम्ही दोनदा मावाल असे झाला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी बोक्याचं रक्त तपासून साखर आहे म्हणून सांगितलं तेव्हा मला हसू आलं. तुमची सून हसली नाही.

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. सकाळ-संध्याकाळ सातला, बारा तासांच्या अंतरानं. आधी खाणं, मग सुई. कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्त यंत्रावर बघायचं आणि आकडा वहीत लिहायचा. इन्शुलिनची बाटली मिलीला चाळीस युनिटची, म्हणून सिरिंजही चाळीसचीच, तिच्यावरच्या एका बारीक रेघेचं एक युनिट. सध्या एकच रेघ. "वाढवायचं की कमी करायचं, ते मी सांगणार. मनानं काही करू नका," असं बजावून त्यांनी विचारलं, "सुई कोण देणार?" मी पुढं झालो. तेवढ्यात बोका टेबलावरून उतरला आणि तुमच्या सुनेच्या मांडीवर जाऊन बसला. "ठरलं मग," डॉक्टर म्हणाले, "ताई, घरी गेल्यावर एखाद्या संत्र्यावर हात बसवून घ्या."

ती स्वयंपाकघरात बसून संत्र्याला पाणी टोचत होती आणि मी दारात उभा राहून बघत होतो. "असं काय बघून राहिलाव? तुम्हाला येतंय का?" ती म्हणाली. मला वांगी आठवत होती.

तुम्हाला हे ठाऊक नाही. तुमची सुई थोरला म्हणून अण्णा द्यायचा. रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन तुमची पूजा व्हायची, मग अण्णा उकळलेली काचेची पिचकारी घेऊन तुमच्या डाव्या हाताला बसायचा. औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठात ठेवलेली असायची, ती काढायलासुद्धा त्याचाच हात. सुई दिल्यावर तुम्ही भाकरी मोडायचा आणि पहिला तुकडा त्याच्याकडं सरकवायचा. मग दोघं हळू आवाजात काहीतरी बोलायचा. काय बोलत होता ते मला कधी कळलं नाही. बहुतेक पावसापाण्याचं, नाहीतर जळकोटच्या बाजाराचं असेल. पण मी दप्तर घेऊन उंबऱ्यावर उभा असायचो आणि ते बोलणं म्हणजे घरातली सगळ्यात मोठी ठेव आहे आणि ती एकट्या अण्णाला मिळते आहे, असं मला वाटायचं.

मी एकदा म्हटलं होतं, मीपण देतो, आणि तुम्ही ते हसण्यावारी नेलं होतं. त्याच्या आदल्याच दिवशी दुकानात करडईचं तेल मोजताना माझ्या हातून सांडलं होतं. तुम्ही गिऱ्हाइकादेखत म्हणालात, "तुझ्या हाताला माप न्हाई रे. अर्धं तेल जमिनीला पाजून राहिलास." गिऱ्हाईकही हसलं. त्यानंतर मी अण्णानं टाकून दिलेली बोथट सुई आणि टवका उडालेली पिचकारी उचलली आणि अव्वाच्या टोपलीतल्या वांग्यांवर शिकलो. देठाच्या बाजूनं धरायचं, तिरपं टोचायचं, सावकाश दाबायचं. आठवडाभर घरात पाणचट भाजी झाली. अव्वा वांगं चिरून तुम्हाला दाखवत होती, "बगा की, कीड न्हाई, काई न्हाई, आत नुसतं पाणी. त्या माळणीला इचारतेच आता." तुम्ही शांतपणे जेवत होता. मी ताटातून मान वर केली नाही.

पुढं मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागलो. गेली पंचवीस वर्षं मी थेंब मोजतो आहे. तुमची लघवी निळ्या औषधात उकळून कंपाउंडर रंग बघायचा ना, तीच परीक्षा मी दरवर्षी नव्या मुलांना मांडून देतो. नळी विटकरी झाली की मुलं ओरडतात. मला तुमचे न भरणाऱ्या जखमांचे पाय आठवतात. बोक्याचं यंत्र पाच सेकंदांत आकडा सांगतं. खरं सांगायचं तर मला त्या बोक्याचाही हेवा वाटला. तुम्हाला जे मिळालं नाही ते सगळं त्याला मिळतंय, आणि तो शेपूट आपटत बसतो.

पण त्याहून जास्त हेवा तुमच्या सुनेचा. सातच्या ठोक्याला ती कातडीची चिमूट धरते, बोका डोळे मिटतो, घुरघुरतो. मी जवळ गेलो की कान मागं. मी सकाळी पूजेला बसतो, लिंग तळहातावर घेतो आणि कान मात्र स्वयंपाकघराकडं असतात. ती त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत असते. पन्नाशीला आलेला माणूस, कपाळाला भस्म लावून, मांजराशी काय बोलणं चाललंय ते ऐकत बसतो. देवाला काय वाटत असेल.

गेल्या आठवड्यात तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन लातूरला होतं. जाताना तिनं तीनदा सांगितलं, "आधी खाऊ द्या, मग सुई. खाल्लं न्हाई तर मला फोन करा, डॉक्टरला करा, पण सुई देऊ नका." मी म्हटलं, "मी प्रयोगशाळेत कामाला आहे." ती म्हणाली, "तिथली नळी चावत न्हाई."

पहिल्या दिवशी त्यानं ओरबाडलं. पण सुई नीट गेली. वहीत तिच्या अक्षरातले आकडे उतरत आलेले होते. माझ्या अक्षरातला पहिलाच आकडा वर गेला. दुसऱ्या दिवशी आणखी वर. संध्याकाळी ती फोनवर विचारायची, "किती आलं?" मी सांगितलं की जरा थांबायची. मला ते करडईचं तेल सांडल्यासारखं वाटायचं. रविवारी सकाळी तीनशे ऐंशी आले. वाटी त्यानं अर्धीच खाल्ली होती. मी सिरिंज उजेडाला धरली, एक रेघ भरली. मग दुसरी भरली. वाटलं, ती येईपर्यंत माझ्या अक्षरात एक तरी चांगला आकडा असावा. हात अगदी स्थिर होता.

साडेअकराला तो बादलीवर जाऊन आदळला. मागचे पाय त्याच्या अंगाचे नव्हतेच. डोळे मोठे, नजर कुठंच नाही. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कुणाला? घरात मध म्हणजे देवघरातली अभिषेकाची बाटली. ती आणून बोटानं मध त्याच्या हिरड्यांना चोळला. तो माझ्या बोटाला चावला आणि मला इतकं बरं वाटलं, की चावायला तरी ताकद आहे. त्याला टॉवेलात गुंडाळून ऑटोनं दवाखान्यात नेलं. सलाइन लागलं. तासाभरानं त्यानं मान उचलली.

"किती दिलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन."

"का?"

मी वही पुढं केली. वहीकडं बघून त्यांनीच विचारलं, ताई घरी नाहीत का. मग म्हणाले, मांजर बिथरलं, घाबरलं, तरी आकडा वर जातो, तेवढ्यानं डोस कमी पडला असं होत नाही. "वाट बघत असेल तो त्यांची." म्हणजे अप्पा, त्याच्या रक्तातली साखरसुद्धा तिचीच वाट बघत होती आणि मी ती माझ्या नावावर करायला निघालो होतो.

बाहेर येऊन मी तिला फोन केला. लपवलं नाही. तिनं आधी तो कसा आहे ते विचारलं. मग म्हणाली, "लई शहाणे. जाऊ द्या, आता बसा त्याच्याजवळ, उठू नका." मी दिवस कलेपर्यंत बसलो. तो माझ्या मांडीवर झोपला होता, दुसरीकडं जायची ताकद नव्हती म्हणून. तरी मी मांडी हलवली नाही, पाय बधिर झाले तरी.

तिथं बसल्यावर ती सकाळ आठवली. अण्णा दुकानाचा माल आणायला लातूरला गेला होता आणि परतीची मुक्कामाची गाडी रात्री आलीच नाही. तुमची पूजा झाली. पिचकारी तुम्ही स्वतःच भरली होती, आणि ती माझ्याकडं धरून म्हणालात, "घे. आज तू दे." मी उंबऱ्यावरूनच म्हणालो, "मला येत न्हाई." तुम्ही माझ्याकडं बघितलं, धोतर बाजूला केलं आणि मांडीत टोचून घेतलं. नजर अधू झालेली, सुई वाकडी गेली. धोतराला रक्ताचा ठिपका पडला. तुम्ही भाकरी मोडली आणि एकट्यानं खाल्ली. त्यानंतर तुम्ही कधी म्हणाला नाहीत. तीन वर्षांनी तुम्ही गेलात, तेव्हाही तुमचा हात अण्णाच्याच हातात होता.

हे मी बोक्याच्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहितो आहे. ती उद्या दुपारच्या गाडीनं येईल आणि आल्या आल्या वही उघडेल, त्याआधी ही पानं काढून घेतली पाहिजेत. पुढच्या पानावरचा रविवार तसाच ठेवला आहे, दोन रेघांसकट.

अप्पा, मला येत होतं. तुम्ही अजून एकदा म्हणाल म्हणून मी दारातच थांबलो होतो.