न चाललेल्या नऊ किलोमीटरची रेघ

मी, खाली सही करणार, वय एकोणऐंशी, पेशाने नकाशे काढणारा, हे लेखन शुद्धीत आणि कुणाच्या दडपणाशिवाय करीत आहे. गुडघे कामातून गेले आहेत, डोकं शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत आहे.

१. राहतं घर माझ्या पश्चात एकुलत्या मुलीचं. बैठकीतला मोठा नकाशा उतरवण्यापूर्वी गवंडी बोलवावा. भिंतीची ओल मी वीस वर्षं त्या नकाशानेच झाकली आहे.

२. दगड फोडायची हातोडी नातीला. जावईबापूंच्या हाती ती कदापि पडू नये. त्या हातोडीने त्यांनी एकदा खिळे ठोकले होते.

३. एकेचाळीस नोंदवह्या आणि मूळ नकाशे नकाशा-संग्रहाला, पण एका अटीवर. ही अट नसती तर मी मृत्युपत्राच्या भानगडीत पडलोच नसतो.

प्राचीन बर्फाची चादर कुठवर पोचली होती, हे तिने ढकलत आणलेल्या दगडमातीच्या बांधांवरून कळतं. आमचा नियम साधा: बांध स्वतः चालून पाहिला तर सलग रेघ, नुसता हवाई फोटोत दिसला तर तुटक. दक्षिणेकडचे शेवटचे नऊ किलोमीटर मी चाललो नाही. गुडघा सुजला होता, म्हणून मुक्कामाच्या खोलीत बसून एकाच फोटोवरून रेघ ओढली, आणि ओढली ती सलग. तो बांध नव्हताच. ढगाच्या सावलीचा काठ होता.

माझी धाकटी बहीण याच कामात होती. तिला माझ्या रेघेच्याही पलीकडे बर्फाने खडकावर काढलेले ओरखडे सापडले, म्हणजे बर्फ आणखी पुढे पोचला होता. तिने सरळ विचारलं, "दादा, तू तिथे गेला होतास ना?" मी म्हणालो, "हो." माझ्या शब्दावर विसंबून नियतकालिकाने तिचा शोधलेख परत पाठवला. तिने काम सोडलं आणि एकोणीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, माझाच नकाशा फळ्यावर टांगून. मला याची लाज वाटते.

अट अशी: माझी ती रेघ खोडावी, आणि तिला सापडलेल्या ओरखड्यांवरून जाणारी रेघ तिच्या नावानिशी सलग काढावी.

४. फोटो तपासायचं भिंग बहिणीला द्यायचं होतं, आणि साक्षीलाही तीच हवी होती. वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून तिला फोन केला. बावीस वर्षांनी. विचारलं, "भिंग घेतेस की साक्षीला येतेस?"

"साक्षीला येते," ती म्हणाली. "त्या भिंगातून तू काय काय पाहिलंस, ते ठाऊक आहे मला."

तेव्हा भिंगही नातीला.

ठिकाण: राहतं घर, जेवणाचं टेबल. दिनांक: ९ ऑक्टोबर.

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार पहिल्या, डॉक्टरीणबाई: (सही)

साक्षीदार दुसरी, धाकटी बहीण: (सही) दादाने माझ्या डोळ्यांदेखत सही केली, एवढीच माझी साक्ष. मी माफ केलं, असा अर्थ यातून कुणी काढू नये.