धाकटीची खुर्ची

४ फेब्रुवारी

बोर्ड चालतो, पत्ते चालत नाहीत. घड्याळवाल्याने फोन लावला, मोडेमने शिट्टी घातली, त्याचं नाव आलं, पासवर्ड आला, त्याने ‘पत्ते’ निवडलं — आणि ठप्प! खेळातून बाहेर पडल्यावर यंत्राने परत बोर्डावर यायला हवं, ते येतच नाही. तोवर फोनची लाइन अडकलेली. वरच्या मजल्यावरच्या काकू दार वाजवून गेल्या. “तुमचा फोन सारखा एंगेज कसा गं?” काकू, आमच्याकडे लाइन एकच. संध्याकाळी ती बोर्डाला दिलेली. लोक आपापल्या घरच्या कंप्युटरवरून फोन लावून आत येतात, निरोप वाचतात, निरोप ठेवतात, जातात. एका वेळी एकच माणूस, बाकीच्यांनी थांबायचं. एवढं सगळं दारात उभं राहून कोण सांगणार? “दुरुस्ती चाललीय,” म्हटलं.

अप्पा मात्र खुर्ची ओढून माझ्या पाठीशी बसलेले. “झालं का?” दर थोड्या वेळाने. माझ्या कुठल्याही कामाकडे त्यांनी उभ्या आयुष्यात इतकं लक्ष दिलेलं नाही. थोरली मुलगी टाइपरायटर दुरुस्त करते हे चारचौघांत सांगायचं त्यांच्या जिवावर येतं. बोर्ड सुरू केला तेव्हा एवढंच म्हणाले होते, “बिल तू भर.” आणि आता स्वतःहून — “तुझ्या त्या डब्यावर पत्ते खेळता येतील का?”

गेल्या महिन्यात धाकटीकडे राहून आले आणि आल्या आल्या हे खूळ. असू दे! तिच्या लग्नानंतर या घरात कोणी पत्ते पिसलेले नाहीत. घरी खेळायचो तेव्हाही त्यांची भिडू तीच असायची. आता तरी माझा नंबर लागेल.

७ फेब्रुवारी

सापडलं! परत कुठे जायचं तो पत्ताच मी चुकीचा दिला होता. खेळ बिचारा संपल्यावर नसलेल्या दारावर डोकं आपटत होता. मालकांना दुकानात सांगितलं तर म्हणाले, “ते राहू दे, त्या मशीनची स्पेसबार आधी बघ.”

९ फेब्रुवारी

टेबल मांडलं. चार खुर्च्या, समोरासमोरचे भिडू. रोज संध्याकाळी एकच हात — प्रत्येकाने फोन लावून एक पान टाकायचं. जो आधी फोन लावेल त्याची उतारी, म्हणजे पहिलं पान त्याचं. अप्पांना फोन लावायची गरज नाही, ते घरातच माझ्या कीबोर्डवर बसतील. चौथा घड्याळवाला. कोपऱ्यावरच दुकान आहे त्याचं, पत्त्यांचा शौकीन, पण एक पान टाकायला इतका वेळ लावतो की वाटतं डोळ्याला भिंग लावून बघतोय.

आणि तिसरी — धाकटी! अप्पांचाच हट्ट. तिच्या नवऱ्याने धंद्यासाठी कंप्युटर घेतलाय, मोडेमही आहे, ऑफिस घरातच. म्हणजे सगळं आयतं.

खुर्च्या कोणाला कुठल्या ते एका फाइलीत चार ओळींत लिहायचं. मी अप्पांच्या समोर माझं नाव लिहिलं. ते मागून वाकून वाचत होते. म्हणाले, “तिथे धाकटीला बसव.”

बसवलं.

हा खेळ लिहिला कोणी? रात्री-अपरात्री डोळे फोडले कोणी? आणि भिडू कोण!

१३ फेब्रुवारी

धाकटी सगळ्यांच्या आधी हजर असते. सातला बोर्ड उघडला की हिचा फोन आलाच. त्यामुळे रोज उतारी तिचीच. अप्पा पावणेसातपासून पडद्यासमोर. तिचं पान पडलं की बघतात, “हं” म्हणतात, आपलं पान टाकतात आणि जेवायला उठतात. हात कोणी जिंकला हेसुद्धा विचारत नाहीत! पूर्वी एक हात गेला तर दोन दिवस धुसफुसायचे.

तिची चौकटची दुर्री बघायला एवढा आटापिटा. मी काल इस्पिकच्या राणीने हात काढला, तिकडे ढुंकून बघितलं नाही.

१६ फेब्रुवारी

आज दुकानातून तिला फोन केला. सहजच, पत्त्यांबद्दल. फोन नेहमी तिचा नवराच उचलतो. “हो देतो हं,” म्हणाला, आणि मग ती बोलेपर्यंत जवळच होता, श्वास ऐकू येत होता त्याचा. पत्ते खेळायला बसते तेव्हाही शेजारी खुर्ची घेऊन बसतो म्हणे. मी म्हटलं, “काय गं, जरा म्हणून सोडत नाही का तुला?” ती म्हणाली, “नाही.” एवढंच. फार बोलायची नाही आताशा. सुख अंगावर आलं की माणसं अशीच तुटक होतात.

मला पाणी हवंय का एवढं विचारणारं कोणी नाही. ते जाऊ दे.

२० फेब्रुवारी

बोर्डाची मालकीण मी, त्यामुळे सगळ्यांची पानं मला दिसतात. बघायची नाहीत असं ठरवलं होतं. आज बघितली.

ही बाई चित्राची पानं टाकतच नाही! राजा धरून बसली आहे, गुलाम धरून बसली आहे. हात डोळ्यांदेखत जातोय आणि ही छक्की टाकते! राजाचं काय लोणचं घालायचंय? मी असं खेळले असते तर अप्पांनी पत्ते भिंतीवर फेकले असते. लहानपणी एकदा फेकलेच होते, मी हुकूम लवकर वापरला म्हणून. आणि हिला? “छान खेळतेय,” म्हणाले. छान!

मी म्हटलं, “अप्पा, खुर्च्या बदलू या का? नवीन डाव वाटताना. मी तुमच्या समोर, ती घड्याळवाल्यासमोर. तेवढीच मजा.”

“खुर्च्यांना हात लावायचा नाही,” म्हणाले. असे ओरडले की हातातला पेला लवंडला माझ्या.

२१ फेब्रुवारी

दिवसभर डोक्यात तेच. एका मशीनचा ‘र’ उलटा बसवला.

२४ फेब्रुवारी

घड्याळवाला भाचीच्या लग्नाला गेला. त्याच्यावाचून टेबल अडू नये म्हणून यंत्रालाच खेळायला शिकवलं. अक्कल फार दिली नाही — उतारी असेल तर हातातलं सगळ्यात लहान पान टाक, नसेल तर त्याच रंगातलं लहान पान टाक, बस. पडद्यावर नाव मात्र घड्याळवाल्याचंच येतं. अप्पांना पत्ताच लागला नाही. उलट म्हणाले, “आज लवकर खेळला की!”

मला इतकं हसू आलं.

२६ फेब्रुवारी

घड्याळवाला परत आला, पेढे नाहीत पण गप्पा भरपूर. दारात उभा राहून अप्पांना म्हणतो, “तुमची थोरली हुशार हो! असला खेळ उभा केला.” आणि अप्पा काय म्हणाले? “हो. धाकटीला त्याचा फार आधार आहे.”

धाकटीला! आधार! नवरा उशाशी, घरात सगळं, नि आधार म्हणे! माझ्या हुशारीचा उपयोग काय, तर धाकटीची करमणूक. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी आत जाऊन बोर्ड बंद केला आणि परत चालू केला, उगीचच.

२७ फेब्रुवारी

केलं.

धाकटीचं नाव आलं की यंत्राने सांगायचं, “आज टेबल भरलं आहे,” आणि फोन ठेवून द्यायचा. निरोपांच्या पानापर्यंतही पोहोचू द्यायचं नाही, नाहीतर तक्रार लिहून ठेवेल. आणि तिच्या खुर्चीवर यंत्र. सातच्या ठोक्याला उतारी, नाव तिचं.

फक्त एक दिवस. अप्पांना फरक कळतो का, एवढंच बघायचंय. जिच्या खेळावर एवढे फिदा आहेत तो खेळ तरी ओळखू येतो का त्यांना?

नाही आला! किलवरची तिर्री पडली. “हं,” म्हणाले, आणि जेवायला उठले.

२८ फेब्रुवारी

आज थांबवणार होते. पण जेवताना स्वतःहून म्हणाले, “धाकटी नीट आहे. नीट खेळतेय.” त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान की मी ताट बाजूला सारलं. माझ्या यंत्राने, माझ्या हाताने लिहिलेल्या चार ओळींनी टाकलेलं पान, आणि कौतुक तिचं! आता मला माझ्याच डब्याचा हेवा वाटायला लागलाय. हसावं की रडावं!

सांगून टाकावं — अप्पा, ती धाकटी नव्हे, ती मी आहे. सांगेन. पण आधी त्यांना आणखी थोडं कौतुक करू दे, म्हणजे तोंड बघण्यासारखं होईल.

१ मार्च

आज ती सारखा फोन लावत होती. यंत्र दर वेळी तेच सांगून फोन ठेवत होतं, पुन्हा शिट्टी, पुन्हा तीच. लहानपणापासून हट्टी. बाहुली मिळेपर्यंत दुकानाच्या पायरीवरून न उठणारी. घड्याळवाल्याला आत यायला जागाच मिळेना.

अप्पा स्वयंपाकघरात होते. शिट्ट्या ऐकून म्हणाले, “आज गर्दी आहे वाटतं बोर्डावर?” मी म्हटलं, “आहे.”

पडद्यावर तिच्या नावाने पंजी पडलेली होती. ती बघून निवांत झोपले.

२ मार्च

आज एकदाही फोन नाही. म्हणजे कंटाळली! बघा, एवढीच हौस. दुकानावर फोन करून विचारता आलं असतं, “ताई, टेबल का गं भरलेलं दाखवतंय?” नाही केला. तिला काही पडलेली नाही, पडलेली आहे ती आम्हालाच.

यंत्राने छक्की टाकली. “हं,” अप्पा.

३ मार्च

आज यंत्राची सत्ती. उद्या त्यांना सांगते. मग खुर्च्या बदलते. अप्पांच्या समोर मी. त्यांना चांगला भिडू म्हणजे काय ते एकदा कळू दे. पहिल्याच हाताला राजा उतरते की नाही बघा!

४ मार्च

दुपारी धाकटी दुकानात आली. एकटी. पिशवी नाही, पायांत दोन वेगळ्या चपला, डावा हात ओढणीत बांधलेला. मालकांनी स्टूल दिलं. मी तिला घरी आणलं.

वाटेत सगळं सांगितलं तिने. तो तिला फोनवर एकटीला बोलू देत नाही, पत्र वाचल्याशिवाय टाकू देत नाही. पत्ते मात्र खेळू द्यायचा, शेजारी बसून, कारण पत्त्यांतलं त्याला काही कळत नाही. म्हणून अप्पांनी जानेवारीत तिच्याशी ठरवलं होतं — रोज उतारी तू करायचीस. पहिलं पान आकड्याचं पडलं तर ठीक. चित्राचं पडलं किंवा पान आलंच नाही, तर मी त्याच पावली न्यायला येतो. ताईला सांगायचं नाही, ती तडक भांडायला येईल आणि तो तुझ्यावर काढेल.

अप्पांनी दार उघडलं. तिच्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पण काल तर तू सत्ती टाकलीस ना गं?”

“मी कुठे, अप्पा? इतके दिवस राजा हातात धरून बसलेय, मला कोणी टेबलावर घेतच नव्हतं. माझ्या खुर्चीवर कोण बसलं होतं?”

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.